कच्चा जोड

पाणी गरम होतं. कोमट नाही, गरम. अंघोळीच्या बादलीत विसण घालून झाल्यावर हाताला लागतं तसं. टँकमध्ये हात घालण्याआधी बटण बंद करायचं हा नियम मी केला होता, कागदावर लिहून भिंतीला मीच चिकटवला होता, आणि तो मोडून मी मनगटापर्यंत हात पाण्यात घातला होता. कारण काचेतून जे दिसत होतं ते मला कळत नव्हतं. नऊ मासे पाण्याच्या वरच्या थरात आडवे होते. दोन एंजल, सात निऑन. निऑनच्या अंगावरची निळी रेघ गेली होती, त्यामुळे ते मासे आहेत हे ओळखायलाच वेळ लागला. वाटलं, कुणी पाण्यात पांढुरके तुकडे टाकले आहेत कसले तरी. मी बटण बंद केलं. थर्मामीटर वाचला. एकोणचाळीस. मग विद्यार्थ्यांना सांगते तसा डोळ्यांच्या रेषेत आणून पुन्हा वाचला. एकोणचाळीसच. बॅग अजून खांद्यावर होती. दुपारचा दीड वाजला होता, अब्बा मशिदीतून यायचे होते, पंखा फिरत होता म्हणजे लाइन होती, आणि हवेच्या नळीतून बुडबुडे अगदी नियमित वर येत होते. प्रत्येक बुडबुड्यासरशी मोठा एंजल थोडासा हलत होता.

मी तीन दिवस अकोल्याला होते, बारावीच्या प्रात्यक्षिकांना बाहेरची परीक्षक म्हणून. अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. घरात अब्बा आणि मी, दोघंच. अम्मी गेल्यावर त्यांनी अकोल्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान बंद केलं आणि माझ्याकडे राहायला आले. मासे अब्बांसाठी आणलेत असं मी लोकांना सांगत असे, पण खरं म्हणजे मला माशांपेक्षा टँकच्या मागची व्यवस्था करण्यात रस होता. २००८चा फेब्रुवारी होता. शहरात दिवसाला सहा तास लाइन नसायची, खेड्यांत त्याच्या दुप्पट. साठ लिटर पाण्याला शंभर वॅटचा हीटर पुरतो; मला तीनशेचाच मिळाला. तीनशेचा हीटर त्याच्या स्वतःच्या थर्मोस्टॅटच्या भरवशावर सोडायचा नाही हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. त्याच्या आत दोन बारीक पट्ट्या असतात. लाइन जाते, येते, येताना झटका देते, आणि एखाद्या दिवशी त्या पट्ट्या एकमेकींना चिकटून बसतात. मग हीटर बंद होत नाही. म्हणून मी मागे एक वेगळा डबा बसवला. त्यात एक रिले आणि त्याचा पाण्यात स्वतंत्र सेन्सर. पाणी एकोणतीसच्या वर गेलं की रिले हीटरची लाइन तोडणार. पातळी दोन बोटं उतरली की फ्लोट खाली येणार आणि तोच रिले लाइन तोडणार, नाहीतर उघडा पडलेला हीटर तडकतो. हवेच्या नळीत एकतर्फी झडप, पंप थांबल्यावर पाणी उलटं जमिनीवर येऊ नये म्हणून. लाइन गेली की बॅटरीवरचा छोटा पंप. प्रत्येक वस्तू बसवताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारला होता: ही बिघडली तर काय होईल? उत्तरही एकच यायला हवं होतं. बंद पडेल. अब्बा स्टुलावर बसून बघत होते. "सारं बंदच पाडून राहिली तू," ते म्हणाले होते, "चालू कोन ठेवीन?" तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

मी डब्याचे चार स्क्रू काढले. रिलेच्या दोन टोकांमध्ये तांबड्या तारेचा बोटभर तुकडा जोडलेला होता. म्हणजे रिलेने लाइन तोडली काय न तोडली काय, करंट या तारेतून जातच राहणार. वऱ्हाडात कुठल्याही शेतकऱ्याला, कुठल्याही वायरमनला याचं नाव ठाऊक आहे: डायरेक्ट. मोटार डायरेक्ट केली, स्टार्टर डायरेक्ट केला. माझा डबा डायरेक्ट केला होता. पट्ट्या चिकटल्या असणार, आणि त्या दिवसासाठी मी जे बांधून ठेवलं होतं ते बाजूला उभं राहून बघत राहिलं असणार. इथपर्यंत मला सगळं समजत होतं आणि वाईटही वाटत होतं, साधं, मासे मेल्यावर वाटतं तेवढं. मग मी तारेकडे नीट पाहिलं. दोन्ही टोकांना साडेतीन वेढे. वरून काही नाही, ना स्लीव्ह, ना टेप. तांबं उघडं. तारेचं वेष्टण चाकूने कापलं की कड सरळ येते. ही कड ओढलेली, फाटलेली होती. दातांनी सोललेली. मी जमिनीवर बसले. हा जोड मी पाहिला होता. पाहिल्यासारखा वाटला असं नाही. पाहिला होता, हातात धरला होता, आणि त्याच्याबद्दल पन्नास माणसांसमोर बोलले होते.

अकोल्याच्या दुकानात व्हार्निशचा वास कधी जात नसे. भट्टीत सुकायला टाकलेली मोटार, कापसाची टेप, तांब्याच्या तारेची रिळं, आणि दारापासून न्हाणीपर्यंत ओळीने ठेवलेल्या जळक्या मोटारी. त्या वर्षांत मोटारी फार जळत. व्होल्टेज कमी, विहिरींचं पाणी खोल गेलेलं. एकच मोटार हंगामात तीनदा यायची. प्रत्येकीला अब्बा पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत: नाव, गाव, तारीख. पुढे पुढे अशा मोटारी वाढल्या की ज्या नवी तार भरून तयार असत पण न्यायला कुणी येत नसे. अब्बा वर्तमानपत्र वाचून झालं की उठत, चिठ्ठीवरचं नाव पुन्हा वाचून ओळीतली एखादी मोटार उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवत. चिठ्ठी काढत नसत. काय वाचलं ते सांगत नसत. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, दुपारी दुकानात बसून अभ्यास करायचे, आणि मला अब्बांचा अभिमान वाटे तो एका गोष्टीसाठी. त्यांचा कुठलाही जोड उघडा नसायचा. वेढे दिले की डाख, डाखावर स्लीव्ह, स्लीव्हवर गाठ. मोटार बंद झाल्यावर आतला जोड कोण बघणार आहे? पण अब्बा वाकून, चष्मा कपाळावर सारून, प्रत्येक गाठ नखाने दाबून बघत. मला वाटायचं, विज्ञान म्हणतात ते हेच.

श्रावण आमच्या दुकानातला कारागीर. मी अकरा वर्षांची असताना तो आला, तेव्हा तो वीस-बावीसचा असेल. सायकलच्या कॅरिअरवर बसवून तो मला शाळेत सोडायचा आणि रस्ताभर मोठमोठ्याने भजन म्हणायचा. चढाला मात्र गप्प व्हायचा, आणि मी विचारलं, "काहून थांबला श्रावण?" तर म्हणायचा, "देवाले मालूम आहे चढ आहे म्हनून." गावोगाव जाऊन मोटारी उतरवणं, चढवणं, स्टार्टर बघणं ही त्याची कामं. हाताला वेगवान, बोलायला वेगवान. टेप गुंडाळण्याचा त्याला कंटाळा. अब्बा त्याला ओरडत, तो हसे.

१९९७च्या दिवाळीआधी हिवरखेडला सूर्यभान नावाच्या शेतकऱ्याची बायको भागीरथा विहिरीवर गेली. मोटार चालू होती. हातपाय धुवायला तिने पाइपाला हात लावला आणि ती तिथंच गेली. चौथ्या दिवशी गावातली माणसं आमच्या दुकानासमोर उभी राहिली. पन्नास तरी होती. त्यांनी पोत्यातून स्टार्टरचा डबा आणला होता, तो काउंटरवर ठेवला. कुणी आरडाओरडा केला नाही, हे मला आठवतं. सूर्यभान एका बाजूला बसला होता, हातात टोपी. कुणीतरी म्हणालं, "इनायतभाऊ, डबा डायरेक्ट आहे. कोनं केला?" अब्बा उत्तर देईनात. ते डब्याकडे बघत होते. अब्बांच्या कपाळावर घाम आला होता आणि माझ्या मनात एकच होतं, की हे लोक अब्बांना विचारतातच कसं. मी पुस्तक मिटून पुढे झाले. डबा उघडला. रिले डायरेक्ट केला म्हणून मोटार तापत राहिली, आतलं वेष्टण जळालं, मोटारीच्या अंगात करंट उतरला, अंगातून पाइपात. हे मी समजावून सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते. मग मी जोड दाखवला. "अब्बा तार चाकूने सोलतात," मी म्हणाले. "ही दाताने सोलली आहे. डबा उघडला, तार दाताने सोलली, साडेतीन वेढे दिले आणि तशीच उघडी टाकली. हे घाईचं काम आहे. अब्बा जोड उघडा ठेवत नाहीत. दुकानातली कुठलीही मोटार उघडून पाहा." त्यांनी खरंच पाहिल्या. चार मोटारी उघडल्या. सगळे जोड स्लीव्हमध्ये, सगळ्यांना गाठ. मी श्रावणचं नाव घेतलं नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे, की मी नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरज उरली नव्हती. पन्नास माणसांनी माना वळवल्या तेव्हा श्रावण भट्टीजवळ उभा होता, हातात ब्रश, ब्रशमधून व्हार्निश गळत होतं. तो म्हणाला, "मी?" तेवढंच. दोन दिवस त्याला चौकीवर बसवून ठेवलं. सूर्यभानने तक्रार दिली नाही, म्हणाला, बाई तं गेली. श्रावण पुन्हा दुकानात आला नाही. आणि मी? मी पुढच्या वर्षी एमएस्सीला अमरावतीला आले. पुरावा कसा वाचावा हे वर्गात शिकवताना कधीतरी, नाव-गाव बदलून, मी हा प्रसंग सांगितलेला आहे.

जिन्यावर अब्बांची काठी वाजली. ते आत आले, टोपी काढून खुंटीला लावली, म्हणाले, "आली का बेटा?" आणि मग त्यांना टँक दिसला. ते स्टुलावर बसले. घरात आम्ही उर्दू बोलतो, पण तारेचं, मोटारीचं काही निघालं की अब्बा वऱ्हाडीवर येतात. तो धंदा त्यांना त्याच भाषेत येतो.

"परवा थंडीनं सारे खाली जाऊन बसले होते," ते म्हणाले. "हलेच ना. पाहतो तं तुह्या डब्यानं लाइन तोडून ठेवलेली. पानी कमी झालतं. मी पानी टाकलं, तरी तुहा फ्लोट वर येईना, अटकला होता कुठी. म्हटलं मरतीन आता. तं मंग एक तार टाकून देल्ली."

"मला फोन करायचा."

"तू परीक्षेत." मग म्हणाले, "तू आली का काढनारच होतो. कच्चाच होता थो."

"उघडा ठेवलात."

"मंग?" त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. दुकानात एखाद्या नव्या माणसाला सांगावं तसं समजावून सांगू लागले. "कच्चा जोड उघडाच ठेवा लागते, बेटा. चमकला पायजे. डबा खोलला का पयले थोच दिसला पायजे का हे काढाचं आहे. त्याच्यावर स्लीव्ह घातली का मानूस भुलला. थो पक्का होऊन बसते."

"आणि दाताने?"

"कच्च्याले कोन चाकू काढते?"

हे बोलताना त्यांच्या आवाजात जराही अडखळणं नव्हतं. चाळीस वर्षांची शिस्त होती ती, आणि त्यांना ती अभिमानाने सांगता येत होती. मी दुकानात जेवढे जोड पाहिले होते तेवढे सगळे पक्के होते. कच्चा जोड दुकानात येतच नव्हता. तो शेतात होता, विहिरीवर, खांबाला टांगलेल्या डब्यात. ज्वारीच्या कोठीत हात घालून घालून ज्वारीच निघाली म्हणून मी पन्नास माणसांना सांगितलं होतं, की जगात तूर नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाने वहीत असा निष्कर्ष लिहिला तर मी लाल शाईने खोडते. मी विचारलं, "हिवरखेडलाही असाच होता?" माझा आवाज मला परीक्षकासारखा वाटला.

अब्बांनी काठी भिंतीला टेकवली. ती घसरली, त्यांनी पुन्हा टेकवली. "श्रावण मोझरीले गेलता," ते म्हणाले. "महाराजाच्या पुन्यतिथीले. थो दरसालच जाये. सूर्यभान चार खेपा येऊन गेला. सहा घंटे लाइन, अन् दर अर्ध्या घंट्याले रिले पडे. म्हने, इनायतभाऊ, हरबरा वाळून राहिला. मंग मीच गेलो, तवा वावरात कोनीच नोयतं. एक तार टाकली. म्हटलं श्रावण आला का त्याले धाडतो, नवा रिले देतो."

"आणि?"

"राहून गेलं."

खालून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. मी विचारलं, मी बोलत होते तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत? ते इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं. "मी बोलनारच होतो. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात तू आली. अशी बोलली तू, अशी बोलली, का सारे तुह्याकडे पाहून राहिले. मलेच खरं वाटलं एक मिनिट." मग म्हणाले, "पन्नास मानसात माह्या पोरीले खोटी पाडू?" मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी बघत होते की त्यांच्या वरच्या ओठाला, दाताजवळ, लाल रंगाचा कण आहे का. परवाचा कण आज कसा असेल? तरी मी बघत होते. दहा वर्षं हा माणूस ते आपल्यापाशी ठेवून होता, आणि ठेवायचं कारण म्हणून माझ्याकडे बोट दाखवत होता, आणि ते बोट चुकीचं नव्हतं. मी मासे जाळीने काढले. एंजलचे पर जाळीला चिकटत होते. अब्बा म्हणाले, "मी काढतो," आणि उठले, आणि मी म्हणाले, "नको." त्यानंतर त्या दिवशी आम्ही कुठल्याच भाषेत बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी पुन्हा अकोल्याला गेले. मूर्तिजापूरपर्यंत मी वाक्यं तयार करत होते. ती तयार करण्याची मला सवय आहे. वर्गात जाण्याआधी करते. श्रावण, ते तू केलं नव्हतंस. श्रावण, ती माझी चूक होती. मला वाटत होतं की मी त्याला काहीतरी घेऊन चालले आहे. दहा वर्षांनी का होईना, त्याचं त्याला परत देणार, गावासमोर देणार, हिवरखेडला जाऊन त्याच माणसांना सांगणार. जठारपेठेत तो इस्त्रीची गाडी लावतो हे मला माहीत होतं. ऑटोतून जाताना दोनदा दिसला होता आणि दोन्ही वेळा मी पर्समध्ये काहीतरी शोधलं होतं. कोळशाची इस्त्री, वर पत्र्याचं छप्पर, बाजूला कपड्यांची गाठोडी. इतक्या हुशार हाताचा माणूस विजेच्या जमान्यात कोळसे फुंकत बसतो, याचा मी त्या दोन वेळा विचार केला नव्हता.

मला आधी त्याच्या बायकोने ओळखलं. आशाबाई गाडीच्या मागे घड्या घालत बसली होती. "वो माय! इनायतभाऊची आबेदा नाई का हे? चष्मा लागला वाट्टे." मग नवऱ्याला म्हणाली, "पाह्य ना, कोन आलं! तुह्या सायकलीवरची शायजादी." श्रावणचे केस पांढरे झाले होते. त्याने इस्त्री विटेवर ठेवली, हात पुसले आणि म्हणाला, "बसा बाई." पूर्वी तो मला अगं-तुगं करायचा. आशाबाई म्हणाली, "कशी बसन? स्टुलावर तुह्ये कपडे आहेत," आणि ते उचलले. "भाऊ बरे आहेत ना?" श्रावणने विचारलं. "मी येईन म्हनतो एक डाव भेटाले. तोंड होत नाई."

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझी वाक्यं तयार होती. मी स्टुलावर बसले आणि सांगितलं. हिवरखेडचा जोड अब्बांचा होता, हे काल त्यांनी स्वतः कबूल केलं, मी चुकले, तुझा काही दोष नव्हता. मी ते हळू आणि क्रमाने सांगितलं. तो ऐकत होता. मध्ये एक मुलगी शर्ट न्यायला आली, आशाबाईने तिला तो दिला. माझं झाल्यावर श्रावणने मान हलवली, लहान मुलाच्या हट्टाला हलवावी तशी.

"नाई बाई. भाऊ म्हातारे झाले, बोलत असतीन काई. मीच केलं थे."

"तू त्या दिवसांत मोझरीला होतास."

"त्या साली गेलो नाई मी."

"गेलता ना!" आशाबाई एकदम म्हणाली. "मी होती संगं. गजेंद्राच्या वेळची पोटुशी होती मी, पाय सुजले होते, तुनंच टेकाडावर बसवून भाकर आनून देल्ली. किती खेपा सांगू याले?" मग मला म्हणाली, "आयकतच नाई. म्हने, तू अडानी, तुले काय मालूम. शिकलेल्या पोरीनं डोळ्यानं पाह्यलं."

"मले दिसते ना," श्रावण म्हणाला. तो चिडला नव्हता. मला पटावं म्हणून तो हातांनी दाखवू लागला, रिकाम्या हवेत, अगदी नेमकं. "हे असा डबा उघडला. तार दातानं सोलली. साडेतीन येढे देल्ले अन् तशीच उघडी टाकली. घाईत होतो. पुरं दिसते मले. झोपतो तं दिसते."

माझी वाक्यं होती ती. त्याच क्रमाने. डबा, दात, साडेतीन वेढे, घाई. मी काउंटरमागे उभी राहून एकदा म्हटलेली, आणि त्याने ती नेऊन स्वतःच्या आत, जिथं आपण खरोखर केलेल्या गोष्टी असतात तिथं ठेवलेली. साडेतीन ही संख्यासुद्धा. जो माणूस वेढे मोजत नसतो त्याला साडेतीन आठवत नाही. साडेतीन मी मोजले होते. माझ्या पायाखाली रस्ता होता, माणसं जात होती, ऊन होतं, आणि मी दोन्ही हातांनी स्टूल धरलं होतं.

"मी सगळ्यांना सांगणार आहे," मी म्हणाले. "हिवरखेडला जाऊन. सूर्यभानला, सगळ्यांना."

आता पहिल्यांदा त्याचा चेहरा बदलला. आशाबाईनेही घडी घालणं थांबवलं. तिनेच सांगितलं. सुटून आला त्याच वर्षी हा सूर्यभानच्या दारात जाऊन उभा राहिला होता. त्यांनी हाकललं. पुढच्या वर्षी पुन्हा गेला. तिसऱ्या वर्षी सूर्यभान म्हणाला, आला आहेस तर कापूस वेच. तेव्हापासून दरसाल आठ दिवस कापसाला, चार दिवस निंदणाला. मजुरी घेत नाही. सूर्यभानची मुलगी आरती, आई गेली तेव्हा सात वर्षांची होती, ती गेली सहा वर्षं भाऊबीजेला त्याला ओवाळते. मामा म्हणते. यंदा उन्हाळ्यात तिचं लग्न आहे, आणि मांडवात मामाने जे करायचं ते श्रावणने करायचं असं सूर्यभानने स्वतः इथं, या गाडीवर येऊन सांगितलं आहे.

"अन् तुमी जाऊन काय सांगसान?" आशाबाई म्हणाली. "का हा त्याहीचा कोनीच नाई म्हनून? तवा बोलल्या, तवा बी कोनाले इचारलं नाई. आज बी बोलूनच राहिल्या."

"चूप वं," श्रावण तिला म्हणाला. पण तिला बोलायचं ते ती बोलली होती, आणि तो माझ्याकडे बघत होता. काहीतरी त्याच्यात हललेलं दिसत होतं. मोझरी, टेकाड, सुजलेले पाय, असं काहीतरी वर येऊ पाहत होतं, आणि त्याला ते नको होतं. त्याने इस्त्रीचं झाकण उघडून कोळशांकडे पाहिलं आणि तसंच बंद केलं.

"बाई," तो म्हणाला, "मी नाई केलं म्हनता. मानलं. मंग हिवरखेडले मी आता कोन म्हनून जाऊ?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरोखर विचारत होता, शिकलेल्या माणसाला विचारावं तसं, आणि उत्तरासाठी थांबला होता. मी तोंड उघडलं. मग मला दिसलं की मी जे सांगेन ते तो मानणार आहे, आणि काही दिवसांनी त्याला ते आठवायलाही लागेल. मी तोंड मिटलं. तो तसाच उभा राहिला, मान थोडी पुढे करून, नीट ऐकू यावं म्हणून.